बोलतं हेल्मेट

डोकं कोणाचं वापरायचं, एवढाच प्रश्न होता. आमच्या ह्यांनी घरभर नजर फिरवली. सासूबाईंचा अंबाडा हेल्मेटात मावत नव्हता. मृणाल आमची दीड वर्षाची, ती अख्खी हेल्मेटात मावली असती. राहिली मी.

"तूच घाल," हे म्हणाले.

मी घातलं. त्या वेळी नुसतं 'माझं डोकं दुखते' म्हटलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. (पण मला खरी गरज असते तेव्हा डोकं दुखत नाही.)

आमचे हे पांढुर्ण्यात गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे दिवसभर नवशिक्यांच्या बाजूला बसून नागपूरच्या रोडवर, ट्रकांच्या मधून. माझा जीव दिवसभर त्या रोडवरच असतो. फोन लागला नाही की मी देवापुढे बसते, आणि लागला की विचारते, "फोन कसा काय उचलला, गाडी कोण पाहून राहिलं?"

अशात बोरगावच्या कारखान्यांमागे नागपूरच्या सौरभसाहेबांनी ट्रॅक बांधला. मोठे लोक आपल्या गाड्या घेऊन येणार, जोरात गोल फिरणार, आणि फिरून परत तिथंच येणार. बाजूला शिकवायला मास्तर पाहिजे. तिथं ट्रक नाही, बैलगाडी नाही, रस्त्यात बसलेली म्हैस नाही. ही नोकरी ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त पाहिजे होती.

साहेबांनी ह्यांना आधी एक काम दिलं. मास्तर आणि शिकणारा यांच्या हेल्मेटात एकमेकांशी बोलायची मशीन बसवायची. दोन कंपन्यांचे सेट आले होते, त्यातला चांगला निवडायचा आणि रविवारी ट्रॅकवर चालवून दाखवायचा. गाडी शिकवायच्या शाळेच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही ब्रेक असतो. ट्रॅकच्या गाडीत नसतो. आवाज एवढा की बाजूच्याचं ऐकू येत नाही. मास्तरजवळ फक्त तोंड.

आणि आमच्या मास्तरांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

खर्रा तोंडात असला की हे हनुवटी वर करून फक्त दोन आवाज काढतात. 'हूं' म्हणजे जा. 'च्' म्हणजे नको. अर्धं पांढुर्णा या दोन आवाजांवर गाडी शिकलं आहे.

पहिला सेट घातला आणि माझ्या कानात कोणी रवंथ करायला लागलं.

"अहो, काय म्हणून राहिले?"

"म्म. म्म्म म्म."

"म्हैस बसली काय मशीनमध्ये?" मी ओरडली.

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "आधी थुक ना रे तो खर्रा. सूनबाईच्या कानात लाल करशील."

ह्यांनी खर्रा थुंकला आणि दुसरा सेट लावला. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, हे खाली मृणालला कडेवर घेऊन उभे.

"ऐकू येते काय?"

"येते."

"साफ?"

"साफ."

झाली निवड. लग्नाला पाच वर्षं झाली, पण आमचं इतकं थोडक्यात आणि भांडणाशिवाय बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. मला तो सेट फार आवडला.

रविवारी मीही सोबत गेली. डबा द्यायचा म्हणून सांगितलं होतं, खरं तर ट्रक नाहीत हे डोळ्यांनी पाहायचं होतं. मृणाल सासूबाईंजवळ. ट्रॅक पाहून जीव थंड झाला. काळा कुळकुळीत रस्ता, कडेला जुन्या टायरांची भिंत, आणि एकही म्हैस नाही.

साहेब तिसरं हेल्मेट हातात घेऊन उभे होते. गाडीतलं सगळं त्यांना त्यात ऐकू येणार होतं. पण शिकायला येणारा माणूस आलाच नाही.

"मी बसलो असतो," साहेब म्हणाले, "पण मला चालवता येते. नवीन माणूस पाहिजे." मग त्यांचं लक्ष माझ्या डब्याकडे आणि डब्यावरून माझ्याकडे गेलं. "वहिनींना येते काय थोडंफार?"

"तिगावच्या रोडवर दुसऱ्या गिअरपर्यंत गेली होती," हे म्हणाले.

"बस झालं."

"मी नाही बसत," मी म्हटलं.

हे जवळ येऊन हळूच म्हणाले, "अवं, नोकरीचं आहे. बस. समोर पाहायचं, माझ्याकडे पाहायचं नाही. मी सांगतो तसं करायचं."

नोकरीचं म्हटल्यावर मी बसली. पदर खोचला, हेल्मेट घातलं, चावी फिरवली. गाडीचा असा आवाज झाला की मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, सोडू काय क्लच? सोडते हं. सोडला. अहो, ही चालली. आपोआप चालली. अहो, बोला ना काही."

कानात काहीच आलं नाही. माझ्या मनात आलं, बसला यांचा खर्रा तोंडात. बरं, 'च्' तर आलं नाही. 'च्' आलं नाही म्हणजे हूं. मी आणखी दाबलं.

"दुसरा टाकू काय? टाकते. पोरीनं दूध घेतलं असेल काय हो? दात येऊन राहिला तिला. मी गॅस बंद केला होता ना? वळण येऊन राहिलं. आता वळू काय? की पुढं वळू? अहो, हे टायर कोणी ठेवले इथं? टायर जवळ येऊन राहिले. ब्रेक मधलाच ना?"

'च्' नाही. 'हूं' नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ह्यांचे दोन्ही हात हलताना दिसले, पण माझ्याकडे पाहू नको असं ह्यांनीच सांगितलं होतं. (मी नवऱ्याचं ऐकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.) शेवटी ह्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी फिरली, टायरांच्या भिंतीला पाठीनं टेकली आणि बंद पडली. एक टायर सुटून गडगडत चहावाल्याच्या टेबलापर्यंत गेला.

हेल्मेटं काढली.

"बहिरी आहेस काय?" हे म्हणाले. आवाज पार बसलेला.

"तुम्ही बोललेच नाही."

"ओरडून ओरडून घसा फाटला माझा."

"खर्रा असेल तोंडात."

ह्यांनी डॉक्टरला दाखवतात तसा जबडा उघडून दाखवला. रिकामा होता.

तेवढ्यात साहेब पळत आले, हेल्मेट काखेत, तोंड लाल. मला वाटलं, गेली नोकरी. उद्यापासून पुन्हा नागपूरचा रोड. मी दार उघडून आधीच सुरू केलं, "साहेब, ह्यांची काही चूक नाही. चूक मशीनची आहे. अर्ध्या रस्त्यात बंद पडली, ह्यांचा एक शब्द ऐकू आला नाही."

"मशीन ठीक आहे वहिनी," साहेब म्हणाले. "या सेटमध्ये एक जण बोलत असला की दुसऱ्याचा आवाज जात नाही. पहिला थांबला की दुसऱ्याचा नंबर लागतो."

"मग ह्यांचा नंबर का नाही लागला?"

साहेबांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"तुम्ही थांबल्याच नाहीत," साहेब म्हणाले. "मी सगळं ऐकत होतो. दूध, दात, गॅस. मध्ये श्वास घेतला असता तरी यांचा 'ब्रेक' तुमच्या कानात गेला असता."

मला त्या टायरांच्या मागे जाऊन बसावं वाटलं.

पण साहेब हसायलाच लागले. नागपूरच्या जाणकारांनी हाच सेट पास केला होता म्हणे. त्यांच्यात एक बोलला की दुसरा ऐकून घेतो. घाबरलेलं माणूस कोणी बसवून पाहिलंच नव्हतं. "आणि माझ्याकडे येणारे सगळे घाबरलेलेच असणार," ते ह्यांना म्हणाले. "प्रफुल्लभाऊ, तुम्ही पहिल्या तारखेपासून या. शिकणारा कितीही बोलो, मास्तरचा आवाज जाईल असा सेट आपण मागवू. आणि हेल्मेटात खर्रा चालणार नाही."

ह्यांनी मान हलवली. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प बसली. (प्रयत्न केला.)

पुढच्या आठवड्यात नवा सेट आला आणि साहेबांचा निरोपही. वहिनींना आणा, त्यांच्याशिवाय पास करायचा नाही. मी शेजारच्या उर्वशीताईंना सांगितलं, उर्वशीताईंनी गल्लीला सांगितलं, की बोरगावचे साहेब माझ्याशिवाय मशीन घेत नाहीत. नवी साडी नेसली.

तिथं मला उभ्या गाडीत बसवलं. चावी साहेबांनी स्वतःच्या खिशात ठेवली. हेल्मेट घातलं. समोर साहेब, नागपूरचे दोन पाहुणे, आमचे हे, चहावालाही टेबल सोडून आलेला. सगळे माझ्याकडे पाहून राहिलेले.

"बोला वहिनी," साहेब म्हणाले. "जे मनात येईल ते. थांबायचं नाही."

आणि मला एक शब्द सुचेना. मृणाल आठवेना, गॅस आठवेना. मी हेल्मेटातून सगळ्यांकडे पाहत बसली.

साहेबांनी आपल्या हेल्मेटाला टिचक्या मारल्या. पाहुण्यांनी वायर तपासली. ह्यांनी दुसऱ्या बाजूनं वाकून माझा माइक हलवून पाहिला.

"आवाजच नाही," साहेब शेवटी म्हणाले. "वहिनी बसल्या आणि आवाज नाही, म्हणजे सेटच बंद आहे. खराब माल पाठवला. परत करा."

सेट डब्यात गेला, डब्याला टेप लागली. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला. परत येताना हे सौंसर गाव मागे पडेपर्यंत त्या कंपनीला नावं ठेवत होते, आणि मी खिडकीतून संत्र्याच्या बागा पाहून राहिली होती.