मोटर चालू करण्याबाबत

चेन्नईजवळ तांबरमच्या कावेरी अपार्टमेंट्समध्ये पाण्याची मोटर चालू करण्याचे काम जनकोजी करीत. सकाळी दूध आणायला खाली उतरले की जिन्याखालचे बटण दाबायचे, कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की बटण बंद करायचे. टाकी भरल्याची सूचना त्यांच्या पत्नी सकवारबाई तिसऱ्या मजल्यावरून "तन्नी!" अशी हाक मारून देत. तन्नी म्हणजे पाणी, हे इमारतीतल्या पुण्या-नागपूरकडच्या बिऱ्हाडांना त्या हाकेमुळेच कळले होते. यंत्रणा एवढीच होती. ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती, हा तिचा दोष पुढे उघड झाला.

गेल्या वर्षी जनकोजी वारले. त्यानंतर बटण कोणीही दाबू लागले, आणि बंद दुसरे कोणीतरी करील असे प्रत्येकाला वाटू लागले. एका रविवारी टाकी दुपारपर्यंत वाहत राहिली आणि ते पाणी हेरंबच्या गाडीत शिरले. गाडीच्या काचा त्याने स्वतःच उघड्या ठेवल्या होत्या. परंतु हेरंब एका कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट असल्यामुळे या घटनेला निष्काळजीपणा म्हणता येईना. तिला 'इन्सिडेंट' म्हणण्यात आले आणि बैठक बोलावण्यात आली.

"मूळ दोष जनकोजीकाका होते," हेरंबने शांतपणे मांडले. "अख्खी इमारत एका माणसावर चालायची. याला आम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो."

सकवारबाई पहिल्याच खुर्चीवर बसल्या होत्या. "काय मणतो रे हा तुज्या अप्पांना?" त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाला आपल्या तंजावरी मराठीत विचारले.

"टेक्निकल शब्द आहे, अम्मा. वाईट काही नाही म्हणाला."

"मग चांगलं मणाला काय?"

हा मुलगा, विश्वजित, दिवसा एका बँकेत नोकरी करी आणि संध्याकाळी, बँका लवकरच नामशेष होणार असल्याचे कट्ट्यावर समजावून सांगे. दोन्ही कामे तो सारख्याच निष्ठेने करी.

असोसिएशनचे सेक्रेटरी बाळकृष्णराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी चाचरत सुचवले, "टाकीत एक तरंगता गोळा बसवतात म्हणे. पाणी वर आलं की मोटर आपोआप बंद."

"ते स्केल होणार नाही, काका," हेरंब म्हणाला.

"टाकी एकच आहे हो."

"आज एकच आहे."

बाळकृष्णरावांनी गच्चीच्या दिशेने पाहिले आणि ते खाली बसले. त्यानंतर गोळ्याचा उल्लेख कोणी केला नाही.

मोटरसाठी सॉफ्टवेअर लिहायचे हे ठरायला अर्धा तास लागला. ते कोणत्या भाषेत लिहायचे हे ठरायला पोंगलचा सण उलटून गेला. हेरंबच्या मते बटणाची चालू आणि बंद ही दोन कामे दोन स्वतंत्र प्रणालींनी करायला हवी होती, म्हणजे एक कोसळली तरी दुसरी उभी राहील. चालू करणारी उभी राहून बंद करणारी कोसळली तर नेमके त्या रविवारचेच होईल, हे कोणीतरी दाखवून दिले. त्यावर हेरंबने तिसरी प्रणाली सुचवली, जी उरलेल्या दोघींवर नजर ठेवील.

"प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच आहे," विश्वजित उठून म्हणाला. "प्रश्न विश्वासाचा आहे. मोटर कोणी चालू करायची, हे एकानं का ठरवायचं? सगळ्यांनी ठरवायचं. ब्लॉकचेनवर."

प्रत्येक घराला मते मिळायची होती. मताच्या एककाला 'थेंब' असे नाव देण्यात आले. मोटर चालू व्हायला निम्म्याहून अधिक थेंबांची संमती हवी. जो नियमाने संमती देईल त्याला बक्षीस म्हणून आणखी थेंब. एकदा झालेली नोंद कोणालाही, अगदी सेक्रेटरीलाही, पुसता येणार नाही. बाळकृष्णरावांना यातले फारसे समजले नाही. परंतु एका कामाला इतक्या लोकांच्या मंजुऱ्या लागणार असल्याचे पाहून त्यांना आपली नोकरी आठवली आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.

भिंतीवर बटण राहिले तर कोणीही येऊन ते दाबील, म्हणजे पाणी चढेल, पण संमतीशिवाय. म्हणून बटण काढून ती जागा सिमेंटने बुजवण्यात आली. तारा एका पोलादी पेटीत गेल्या आणि पेटीची किल्ली संगणकाच्या ताब्यात गेली. उद्घाटनाला नारळ फोडला. सगळ्यांनी आपापल्या फोनवर अंगठा उमटवला, थोड्या वेळाने मोटर घुमू लागली आणि टाळ्या पडल्या.

"हे तर पयले पण होत होतं," सकवारबाई म्हणाल्या.

"आधी व्हायचं ते चुम्मा, उगीच आपलं, व्हायचं, अम्मा," विश्वजित म्हणाला. "आता नियमानं होतंय."

काही दिवसांनी रोज सकाळी संमती देण्याचा लोकांना कंटाळा आला. पहिल्या मजल्यावरच्या तन्मयला मात्र आला नाही. त्याने आपल्या वतीने संमती देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर सोडून दिला. प्रोग्राम झोपत नसे, सुट्टी घेत नसे, आणि बक्षिसाचे थेंब त्याच्या खात्यात पडत राहिले. बघता बघता इमारतीतले निम्म्याहून अधिक थेंब तन्मयचे झाले. याचा कोणालाही त्रास झाला नाही, कारण पाणी येत होते. सत्ता एका माणसाच्या हातात जाऊ नये म्हणून उभारलेली व्यवस्था, ती ज्याला नीट समजली होती, त्या एका माणसाच्या हातात गेली. मात्र ती आता नियमाने गेली होती.

मग तन्मय मौनाच्या शिबिराला गेला. तिथे दारातच फोन काढून घेतात. तो गेल्यावर सर्व्हरचे भाडे ज्या कार्डावरून जायचे त्या कार्डाची मुदत संपली आणि प्रोग्राम थांबला. कावेरी अपार्टमेंट्सचे बहुमत अशा रीतीने मौनात गेले.

एके दिवशी नळ गुरगुरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुरगुरायचेही थांबले. तो दिवस जनकोजींच्या पहिल्या तिवसमचा होता. तिवसम म्हणजे वर्षश्राद्ध. सकवारबाईंच्या घरात पाहुण्यांनी सांडून संपवलेल्या बादल्या उपड्या पडल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानातले पाण्याचे कॅन पहाटेच इमारतीने पळवले होते. वाध्यार, म्हणजे भटजी, नारायणस्वामी दर्भ घेऊन येऊन बसले होते. स्वयंपाक व्हायचा होता, तर्पण व्हायचे होते, आणि ज्याने ते द्यायचे त्या मुलाची आंघोळ व्हायची होती.

खाली जमिनीतला संप, म्हणजे साठवणीचा हौद, काठोकाठ भरलेला होता. टँकर कालच येऊन गेला होता. वीज होती. मोटर उत्तम स्थितीत होती. फक्त परवानगी नव्हती.

"विश्वजित, पेटी फोड आणि दोन तारा जोड," बाळकृष्णराव जिन्याखालच्या पेटीपाशी उभे राहून म्हणाले. त्यांच्या सचिवपदाच्या कारकिर्दीतली ही एकमेव बेकायदा सूचना होती.

"काका, आज माझ्या वडिलांसाठी फोडली, तर उद्या कोणीही आंघोळीसाठी फोडील."

"अरे, पण आंघोळीसाठीच आहे ना ती?"

"मी पहिल्यापासून सांगत होतो," हेरंब म्हणाला, "तीन प्रणाली हव्या होत्या. अजूनही सगळं नव्यानं लिहू. शुक्रवारपर्यंत देतो."

"तिथी शुक्रवारपर्यंत थांबत नाही," वाध्यार वरच्या कठड्यावरून घड्याळ बघत म्हणाले. "आणि मला टी. नगरला अजून एक तिवसम आहे."

तन्मयचे थेंब तात्पुरते बाजूला ठेवावेत असा ठराव विश्वजितने मांडला. ठराव मंजूर व्हायला निम्म्याहून अधिक थेंब लागत होते. सगळ्यांनी फोनवर अंगठे उमटवले आणि पडद्याकडे पाहत उभे राहिले. पडद्यावर एक चक्र फिरत होते. तन्मय त्या वेळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत असावा.

सकवारबाई जिना उतरून आल्या तेव्हा त्यांच्या काखेत प्लास्टिकचा कुडम, म्हणजे घागर, होता आणि हातात कपडे वाळत घालायची दोरी. संपचे लोखंडी झाकण त्यांनी सरकवले, दोरी कुडमच्या गळ्याला बांधली आणि तो आत सोडला. घागर बुडाल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"अम्मा," विश्वजित हलक्या आवाजात म्हणाला, "ह्या पाण्याची कुठेच नोंद होणार नाही."

"तुज्या अप्पांना नोंद कसाला रे? तन्नी पायजे."

भरलेला कुडम कमरेवर घेऊन त्या जिना चढू लागल्या. इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या वळणावर त्यांनी कठड्याला टेकून दम घेतला. वाध्यार वरून वाकून पाहत होते.

खाली सगळे झाकणाभोवती गोळा झाले होते.

"हे उघडंच होतं?" हेरंबचा आवाज बदलला. "इतके दिवस? म्हणजे कोणीही यावं आणि पाणी काढावं? यासारखं भगदाड मी माझ्या करिअरमध्ये पाहिलेलं नाही." त्याने वेगवेगळ्या कोनांतून झाकणाचे फोटो काढले. विश्वजितने, व्यवस्थेचा जनक या नात्याने, चूक मोकळेपणाने मान्य केली. झाकणाला ताबडतोब कुलूप घालावे, असे बाळकृष्णरावांनी मांडले. सगळ्यांचे हात वर गेले. ना थेंब लागले, ना अंगठे. कावेरी अपार्टमेंट्सच्या इतिहासातला हा सर्वांत जलद निर्णय होय. कुलूप आणायला माणूस जाऊन येईपर्यंत प्रत्येक घराने, भगदाड किती मोठे आहे याची खात्री करून घेण्यासाठी, एकेक बादली काढून पाहिली.

हेरंब आणि विश्वजित यांनी मिळून या घटनेचा सविस्तर वृत्तांत इंटरनेटवर प्रसिद्ध केला. त्याला उत्तम प्रतिसाद मिळाला. बेंगळुरूच्या एका तज्ज्ञाने दुसरी चेन सुचवली. पुण्याच्या एकाने, ब्लॉकचेन हे मुळातच थोतांड असून साधा डेटाबेस पुरला असता, हे उदाहरणांसह सिद्ध केले. तरंगता गोळा सुचवणारेही बरेच निघाले आणि त्यांचा सूर सर्वांत चढा होता. हे वाचताना आपल्यालाही एखादा सोपा उपाय सुचला असेल. तो बहुधा बरोबर असेल. अवश्य कळवावा, समिती विचार करील.

आलेल्या प्रत्येक मताची नोंद ठेवलेली आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या कुडमला कोणी हात लावला का, आणि एक कुडम तर्पणाला, स्वयंपाकाला आणि आंघोळीला पुरला का, हे अद्याप कोणीही विचारलेले नाही. आपणही उपायाच्याच विचारात होता.