गायकवाडकाकांच्या तोंडची कोरड

कात्रजच्या सिग्नलला कुणी स्कूटरवरून पचकन थुंकलं, की आमचे शेजारी गायकवाडकाका त्याच्या खांद्याला हळूच बोट लावतात. "अहो, आपलं काहीतरी पडलं. घेऊन जा." तो माणूस खरंच खाली बघत बसतो. तोवर सिग्नल सुटतो आणि मागचे सगळे त्यालाच हॉर्न वाजवतात.

अशा माणसापुढे मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी प्लास्टिकचा कप धरला. "यात थुंका."

"जन्मात थुंकलो नाही. आता या वयात सुरुवात करू?"

"मग नुसतं मान खाली घालून बसा. लाळ किती सुटते ते मोजायचंय."

काका बराच वेळ तसे बसले. कपाचा तळसुद्धा धड ओला झाला नाही. "इतकी वर्षं जपून ठेवली, ती गेली कुठे?" असं मलाच विचारलं.

तसे काका दवाखान्याची पायरी चढणारे नव्हेत. भाकरी घशाखाली उतरेना, दर घासाला पाणी लागायचं, तरी "वय झालं, आटणारच" हे ठरलेलं. अडलं ते सोनीवरून. सोनी म्हणजे काकांच्या बायकोची, कुसुमकाकूंची मांजर. काकू गेल्यापासून संध्याकाळी गॅलरीतून च्यक्‌च्यक् करून तिला घरी बोलवायचं काम काकांकडे आलंय. नावानं हाक मारली तर बाईसाहेब ढुंकूनही बघत नाहीत. आणि कोरड्या जिभेनं च्यक् होतच नाही, करून बघा. सोनी रात्रभर बाहेर राहायला लागली, तेव्हा काका आपणहून मला म्हणाले, "चल, दाखवून येऊ."

मग रक्त तपासलं, साखर बघितली, जबड्याखालच्या ग्रंथींची सोनोग्राफी झाली. डोळेही कोरडे आहेत का, म्हणून पापणीत कागदाची पट्टी अडकवली. "दुखणं तोंडाचं आणि चौकशी डोळ्यांची," काका पुटपुटले. सगळं ठीक निघालं.

"औषधं कोणती चालू आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"काका, मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या नेता ना?" मला राहवलं नाही.

"ते औषध नाही. सवय आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज? अहो, त्या गोळ्यांनीच तोंड सुकतंय. पण तुम्हाला सर्दी तर दिसत नाही."

"गोळी घेतो म्हणून दिसत नाही. मांजरामुळे शिंका येतात मला. सोनी घरात आली तेव्हापासून."

"काकूंना कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तिनं सोनीला देऊन टाकलं असतं."

"मग आता तरी..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आता तर मुळीच नाही. दुसरं बोला."

दुसरं म्हणजे जुनी गोळी बंद, तोंड कमी सुकवणारी नवी सुरू, आणि दिवसभर घोट घोट पाणी. नवी गोळी मेडिकलवाल्याला मागवावी लागली, ती यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. शेजारी काका तांब्या घेऊन उभे. एक घोट घेतला, जीभ हलवली. आवाज नाही. आणखी एक घोट. मग बारीकसं च्यक् झालं आणि सोनी कुंपणावरून टुणकन आत आली. काका तिला उचलून घरात गेले.

आणि भिंत हादरेल अशी शिंक आली. मग दुसरी. इतकी वर्षं शेजारी राहून मी काकांची शिंक पहिल्यांदा ऐकली. आता लपवायची तरी कुणापासून? मला एकदम रडू आलं.

भिंतीपलीकडे काका सोनीला सांगत होते, "घाबरू नकोस गं. मीच आहे."