मोठ्या मोहाखालची मोहीम

"अकरा युद्धं जिंकलेला, नऊ हेलिकॉप्टरांतून पडूनही जिवंत राहिलेला, चार देशांच्या राजधान्या वाचवलेला आणि तरीही पाय जमिनीवर असलेला गुप्तहेर अख्ख्या विदर्भात एकच आहे," असं अश्विनदादा कोणी न विचारता सांगतो. आरमोरीच्या छापखान्यातून त्याने ते कार्डावर छापूनही घेतलंय. जागा कमी पडली म्हणून 'पाय जमिनीवर' तेवढं गाळलं.

खरं सांगायचं तर यातलं एकही युद्ध खुर्चीतून उठून झालेलं नाही. दादा माझा मामेभाऊ. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल मी दुरुस्त करते आणि दादा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लढतो. फौजी नेमबाजीचा जो गेम निघेल तो शेवटापर्यंत न्यायचा, हे त्याचं व्रत. गुन्हा शोधायला लागणारं सगळं ज्ञान त्या गेममध्ये आहे, असं त्याचं ठाम मत आहे. याआधी त्याने एकच प्रकरण हाती घेतलं होतं, हरवलेल्या बकरीचं. दादा नकाशा काढत असताना बकरी स्वतःच घरी आली. ते तो यशात मोजतो.

दुसरं प्रकरण माझं होतं आणि त्यात मला अजिबात हसू येत नव्हतं.

झालं असं, की मीही एक गेम बनवला होता. सहा महिने, दुकान बंद झालं की रोज दोन तास. आमच्या जिल्ह्यात खऱ्या बंदुका कमी नाहीत, त्यामुळे आईला तो विषयच आवडत नव्हता. तरी बनवला. जंगल, नाला, सैनिक, एक गाव. बंगळुरूच्या एका कंपनीने नवख्या लोकांकडून गेम मागवले होते. निवड झाली तर वर्षभर तिथे राहून काम शिकायला मिळणार होतं. मला ते इतकं हवं होतं, की जेवताना घास हातात राहायचा. पहिल्या फेरीत त्यांनी लिहिलं, "जंगल छान आहे, पण त्यातला आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी जंगलाचा वाटतो." बरोबर होतं. आवाज मी फुकटातला उचलला होता आणि त्यात ओरडणारे पक्षी आमच्या झाडांवर कधी बसलेही नसतील. खरा आवाज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता.

माझे शाळेतले गुणवंतराव सर. त्यांनी त्यांचा बिनसिमचा दुसरा फोन दिला, त्याचा माइक चांगला म्हणून. बुधवारी संध्याकाळी कोसमटोला या जंगलातल्या छोट्या वस्तीबाहेरच्या सगळ्यात मोठ्या मोहाच्या झाडाला मी तो फोन लाल ओढणीच्या चिंधीत बांधला आणि रेकॉर्डिंग चालू करून आले. पहाटेचा आवाज आपोआप भरला जाणार होता. गुरुवारी सकाळी जाऊन पाहते तर झाड होतं, फोन नव्हता. चिंधीसुद्धा नव्हती.

मी दादाला बोलावलं. कारण त्याच्याकडे स्कूटर होती. दुसरं कारण नाही.

"संशयित सापडला," दादा म्हणाला. तो अजून स्कूटरवरून उतरलाही नव्हता.

"कोन?"

"गुणवंतराव सर."

"दादा, फोनच सरांचा हाय!"

"म्हनूनच त! पयल्या लेव्हलले जो म्हातारा बंदूक हातात देते, प्रेमानं शिकवते, तोच शेवटून दुसऱ्या लेव्हलले पाठीत गोळी घालते. अकरा युद्धात अकरा वेळा झालं. सर तुले काय म्हनून हाक मारते?"

"बेटा."

"झालं! अजून काय पुरावा पायजे?"

मग आम्ही आरमोरीला परतलो आणि सरांच्या कुंपणामागे दोन तास दबा धरून बसलो. दोन तासांनी सर बाहेर आले, कुंपणावरून वाकले आणि म्हणाले, "चहा घेता का रे?" दादा माझ्या कानात पुटपुटला, "पिऊ नको, जहर असू शकते." मी प्यायले. सरांनी विचारलं, "आवाज मिळाला का बेटा?" मी म्हटलं, "येऊन राह्यला सर." सरांशी मी पहिल्यांदा खोटं बोलले आणि तो चहा काही केल्या गोड लागेना.

दुपारी पुन्हा कोसमटोला. आता गावातच कोणालातरी विचारावं, असं मला वाटत होतं. दादाने ते हाणून पाडलं.

"गावातल्या लोकाइशी बोलाचं नसते. गेममधले गावकरी पाह्यले नाई का? 'वाचवा, वाचवा' म्हनते अन् पळते. दुसरं येतच नाई त्याइले."

खरं म्हणजे मी भांडायला हवं होतं. पण अनोळखी टोल्यात दारोदार जाऊन विचारायची मलाही लाज वाटत होती, म्हणून मी त्याच्या मागे निघाले. शिवाय स्कूटरची चावी त्याच्याकडे होती.

दादाने मला फोन लावला, एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि माझं नाव बदलून 'कंट्रोल' ठेवलं. आम्ही एकमेकांपासून चार हातांवर होतो. पहिल्याच वळणावर त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला. दादा एका वारुळाच्या आडोशाला जाऊन डोळे मिटून बसला.

"काटा काढू का?"

"काही गरज नाई, कंट्रोल. आडोशाले पाच सेकंद शांत बसलं की जीव आपोआप भरते."

दहा मिनिटांनी त्याने पाय पुढे केला. मी पिनेने काटा काढला. वारुळातल्या मुंग्यांनीही तोवर त्याला उठायची बरीच कारणं दिली होती.

पुढे एका अंगणात लाल गॅस सिलिंडर दिसला. दादा जमिनीवर आडवा झाला. लाल रंगाची कुठलीही गोल वस्तू लवकरच फुटते, हे युद्धशास्त्रातलं पहिलं कलम. त्याने त्या घराला एवढा मोठा वळसा घातला की आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाने पुन्हा त्याच सिलिंडरपाशी आलो.

दिवसभराची कमाई म्हणजे बारा कागद. शत्रू आपला कट चिठ्ठ्यांवर लिहून त्या वाटेवर ठेवून देतो, म्हणून दादाने दिसेल तो कागद उचलला. बिडीच्या पुड्यांचे कागद, लग्नपत्रिकेचा तुकडा, ग्रामसभेच्या दारावरचा एक कागद. प्रत्येक वेळी तो कानात सांगायचा, "कंट्रोल, सात झाले. आठ झाले." बारा झाल्यावर त्याने समाधानाने खिशाचं बटण लावलं.

घरी येताना मी स्कूटरवर मागे बसून रडले. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलं, असं दादाला सांगितलं. त्याने ते लगेच मान्य केलं. एवढा एक गुण त्याच्यात आहे.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही मोठ्या मोहापासून पन्नास पावलांवर, झुडपामागे होतो. झाडाखाली कोणीतरी आमच्याकडे पाठ करून उकिडवं बसलं होतं आणि डोक्यावरून पदर होता.

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येते," दादा कुजबुजला. "आता पाहून घे. शत्रूले फक्त समोरचं दिसते. मागून वाकून गेलं की त्याच्या बापाले पत्ता लागत नाई."

तो वाकून निघाला. दहा पावलं, वीस, तीस. मग एकदम थिजला.

"कंट्रोल," कानात बारीक आवाज आला. "त्यानं मले पाह्यलं."

"पाठ हाय ना तिकडून?"

"पाठ हाय, पन तोंड इकडंच हाय. मिशा हाय मोठ्या. पापनी लवून नाई राह्यली. ट्रेनिंग घेतलेला मानूस हाय, कंट्रोल."

मी झुडपातून मान काढली. खरंच, पदराच्या वरून एक गुलाबी, मिशाळ चेहरा दादाकडे टक लावून बघत होता. दादाने हळूहळू दोन्ही हात वर केले. मग खिशातला टॉर्च जमिनीवर ठेवला. कंगवा ठेवला. शेवटी, फार जड मनाने, स्कूटरची चावी ठेवली.

"मी शरण आलो," तो मोठ्याने म्हणाला.

मिशाळ चेहरा गप्पच. मग ती व्यक्ती उठून वळली आणि त्या डोक्याला पुढच्या बाजूने दुसरा चेहरा निघाला, साठीच्या एका बाईचा, कपाळावर गोंदण असलेला. वाघ पाठीमागून येतो म्हणून मोहफुलं वेचणाऱ्या बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात, हे मला माहीत होतं. आरमोरीत राहून ते आठवायला उशीर झाला, एवढंच.

"कोन होय रे तू?" बाई कडाडली. "वाकून काऊन येऊन राह्यला? वाकलेल्या मानसाले वाघ जनावर समजते, मालूम नाई का? उभा राय आधी!"

दादा उभाच होता, तरी तो अजून थोडा उभा राहिला.

मी झुडपातून बाहेर आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी काही विचारलं.

"बाई, या झाडाले मी फोन बांधला होता. तुमी पाह्यला का?"

"लाल चिंधीत?"

"हो!"

"अस्सं!" बाईने टोपली खाली ठेवली आणि पदर खोचला. "त तू होय का ते झाडवाली!"

त्यांचं नाव कलाबाई. पुढची पाच मिनिटं त्या बोलल्या आणि मी ऐकलं. मोहाच्या हंगामात इथे ज्याची चिंधी झाडाला, त्याचं झाड. ते झाड कलाबाईंच्या घरात चार पिढ्यांपासून. आणि गुरुवारी सकाळी येऊन बघतात तर त्यावर कोणा परक्याची नवी कोरी लाल चिंधी!

"माया सासऱ्याच्या बापानं राखलेलं झाड, अन् हे कोन चिंधीवाली निंघाली, म्हटलं! आत काय बांधलं होतं ते पाह्यलंबी नाई. सोडली अन् ग्रामसभेत जमा केली. पोचूभाऊ कालपासून वाट पाहून राह्यला, कोन येते झाडावर हक्क सांगाले म्हनून."

ग्रामसभेच्या खोलीत पोचूभाऊ, म्हणजे तिथले अध्यक्ष, खरंच वाट पाहत बसले होते. टेबलावर मधोमध माझी लाल चिंधी होती, गाठीसकट, आणि गाठीत फोन. आम्ही काल या दारावरून चार वेळा गेलो होतो. दोनदा रांगत.

"काल काऊन नाई आली वो पोरी?" पोचूभाऊ म्हणाले. "दाराले कागद लावला होता ना. तोबी कोनतरी काढून नेला."

मी दादाकडे पाहिलं. दादाने खिशाचं बटण काढलं. नववा कागद. 'मोठ्या मोहाच्या झाडाला चिंधी बांधणाऱ्याने येऊन भेटावे. वस्तू इथे ठेवली आहे.'

"दादा, तू वाचला नाई?"

"कागद गोळा कराचे असते," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "वाचते कोन?"

मला चिडता आलं नाही. माझ्याही गेममध्ये वीस कागद लपवलेले होते आणि विसांवर मी एकच मजकूर चिकटवला होता.

मी कलाबाईंची माफी मागितली. "झाड नाई ना घेत?" त्यांनी विचारलं. "नाई बाई." "मंग झालं," त्या म्हणाल्या आणि खटला निकाली निघाला.

फोन तिथेच चार्ज करून ऐकला. पहाटेचे दोन तास अगदी स्वच्छ आले होते. मोहफुलं पडल्याचा टप टप आवाज, रानकोंबडा, लांबवर मोर. मग कलाबाई. सलग चार मिनिटं, माझ्या सात पिढ्यांसकट. मी त्यांना कापून टाकायला बोट नेलं आणि थांबले. माझ्या गेममधल्या गावात सात गावकरी होते, सातांचा चेहरा एकच आणि सगळे "वाचवा" म्हणायचे. मला माझीच लाज वाटली.

"बाई, तुमचा आवाज गेममध्ये ठेवू का?"

"शिव्या काढून टाकजो. बाकी राहू दे."

शिव्या काढल्यावर अकरा सेकंद उरले. "कोन होय रे? मले न विचारता झाडाले हात लावाचा नाई!" ते मी ठेवले, एका गावकऱ्याला पदर दिला, मोठ्या झाडाखाली उभं केलं आणि चार बावन्नला गेम पाठवला.

आठ दिवसांनी पत्र आलं. "आवाज उत्तम. परंतु आमच्या पाच परीक्षकांपैकी एकालाही त्या बाईच्या पुढे जाता आलं नाही. गोळ्या चालत नाहीत, बॉम्ब चालत नाहीत. तिला हरवायचं कसं, ते दोन दिवसांत कळवावं. त्यानंतर निर्णय घेऊ."

माझीच चूक होती. घाईत तिला जीव किती, हे लिहायचं राहून गेलं होतं. जो लिहिलाच नाही तो कमी कुठून होणार? जीव शंभर लिहिला असता तर काम एका मिनिटाचं होतं. दादाचंही तेच म्हणणं पडलं, वर एक हेलिकॉप्टर टाक म्हणाला. पण कलाबाईंच्या अंगात शंभर आकडा लिहायला माझा हात चालेना. मी पुन्हा कोसमटोल्याला गेले.

कलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी त्यांना मोबाईलवर गेम दाखवला. स्वतःला झाडाखाली उभं पाहून त्या आधी खूश झाल्या, मग कपाळाला आठ्या पडल्या.

"हे लोक मले गोळ्या काऊन मारून राह्यले?"

"त्याइले झाडापलीकडे जायाचं हाय, बाई."

"मंग मले विचारत काऊन नाई?"

"विचाराचं बटनच नाई त्यात."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. "तूच बनवला ना हा खेळ?"

मी तिथेच, त्यांच्या अंगणात लॅपटॉप उघडून बटण बनवायला घेतलं. मग फोन त्यांच्यापुढे धरला. "बाई, कोनी नीट विचारलं त काय म्हनान?" कलाबाईंनी पदर सारखा केला, फोनच्या अगदी जवळ तोंड आणलं आणि म्हणाल्या, "जा बाबू, जा. येतानी इकडूनच येजो, चाय ठेवते."

बंगळुरूच्या लोकांनी मला जूनमध्ये बोलावलंय. पाचही परीक्षक पलीकडे गेले, असं पत्रात होतं. त्यातल्या एकाने खाली हाताने लिहिलं होतं, की लढाई अर्धी टाकून तो तीन वेळा त्या झाडाखाली परत गेला आणि चहा नेमका कुठे मिळतो, ते कृपया कळवावं.