विंगेतले विसूभाऊ

माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचं नाव पहिल्यांदा मी घेतलं नाही, विसूभाऊ राऊतांनी घेतलं.

उखाणा मला चोख पाठ होता. मांडवात बायका गोळा झाल्या, मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरीच्या आधी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात माझ्या मानेमागून खरखरीत आवाज आला, "अरविंदरावांचं नाव घेते..." तिला कुजबुज म्हणायचं, पण ती पंगतीत वाढणाऱ्यांपर्यंत पोचली. बायका हसून हसून लोळल्या. मी वळून पाहिलं तर पांढऱ्या शर्टातला एक लुकडा माणूस मला धीर देत मान हलवत होता.

"अडकलात ना? असू दे. मी आहे."

मी अडकले नव्हते. हे मी त्यांना तेव्हापासून सांगते आहे.

विसूभाऊ आमचे शेजारी. चौलात त्यांची सुपारीची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, आणि तो पुरेसा उंच नाही. नोकरी सोसायटीच्या खताच्या काउंटरवर केली. पण ओळख विचाराल तर ते स्वतःला प्रॉम्प्टर म्हणतात. देवीच्या उत्सवात गावकऱ्यांचं नाटक होतं, त्यात त्यांनी तोंडाला कधी रंग लावला नाही. वर्षानुवर्षं विंगेत उभे राहिले, एका हातात नाटकाचं पुस्तक आणि दुसऱ्यात बॅटरी.

आमच्या नाटकाला पाठांतराची परंपरा नाही. नट मिशा चिकटवून येतात, बाकीचं विंगेतून येतं. "पहिले दोन शब्द आपले, पुढचे नटाचे," हा विसूभाऊंचा नियम. ते दोन शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू येतात. पण गावाची रीत अशी, की ते ऐकायचे नाहीत. चेहरा सरळ ठेवायचा आणि नट बोलेपर्यंत थांबायचं. एखादं पोर हसलं तर आई चिमटा काढते. केर तिन्हीसांजेला काढू नये, तसं विंगेतलं ऐकू नये, हे मला सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. एका वर्षी विसूभाऊंना विंगेत खोकल्याची उबळ आली. राजाही इमानाने खोकला. प्रधानाने प्रसंग ओळखून राजवैद्याला हाक मारली. नाटकात राजवैद्य नव्हता, तरी कोणीतरी आला, नाडी बघून गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाटकापुरतं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण हा गृहस्थ गावभर विंगेतच राहतो. समाचाराला गेलेल्या माणसाला बोलायला सुचत नाही, हे त्यांना सहनच होत नाही. तो बिचारा दारात घुटमळतो आणि मागून येतं, "फार सोसलं..." तो म्हणतो, "फार सोसलं हो त्यांनी." मग कळतं, की म्हातारे रात्री आमरस खाऊन झोपले ते उठलेच नाहीत. सत्यनारायणाला भटजींच्या मागे विसूभाऊ. ग्रामसभेत सरपंचांच्या मागे विसूभाऊ. काउंटरवर असताना तर शेतकऱ्याने "यु" म्हणायच्या आत युरियाचं पोतं त्याच्या पाठीवर. एकजण युवराज नावाच्या भाच्याची चौकशी करायला आला होता. तोही पोतं घेऊन गेला.

"मी फक्त आधार देतो हो," हे त्यांचं यावरचं उत्तर.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली आणि शेवटची काही वर्षं त्यांना एखाद्या अक्षराच्या पुढे जाता येत नव्हतं. गाव म्हणालं, नवऱ्याने जन्मभर बोलू दिलं नाही, शेवटी जीभच कंटाळली. गाव दुष्ट आहे, पण मला तेव्हा ते अगदीच चूक वाटलं नव्हतं. वहिनी गेल्यावर घरात उरले विसूभाऊ आणि त्यांच्या मोठ्या बहीण ताराक्का. ताराक्कांना ऐकू येत नाही. त्या स्वयंपाक करतात, वाढतात आणि आपल्या खोलीत जातात.

अशा घरात बेल्जियमची मुलगी का ठेवली, असं कोणी मला विचारलं तर मी सांगते, मी ठेवली नाही. ती नियमाने आली. आमच्या क्लबातर्फे शाळकरी मुलांची देवाणघेवाण होते. ज्या घरातली मुलगी परदेशी जाते, त्या घराने तिकडची मुलगी वर्षभर सांभाळायची. विसूभाऊंची नात तिकडे गेली. इकडची मुलगी तिच्या पनवेलच्या घरी राहायची, तर नातीच्या बापाची ऐनवेळी नागपूरला बदली झाली. फॉर्मवर दुसरा पत्ता आजोबांचा होता. क्लबात या मुलांची जबाबदारी माझ्याकडे असते. कारण कामाच्या याद्या मी करते आणि बाकीचे लोक चहा पितात.

मुलीचं नाव लीना. गाव जरा हिरमुसलं. एवढ्या लांबून आली आणि नाव लीना.

शाळा उघडेपर्यंत काय काय करायचं, याची यादी मी पहिल्याच दिवशी विसूभाऊंच्या पडवीत टांगली. गणवेश, बूट, छत्री, बसचा पास, डब्यात काय चालतं आणि काय नाही. शेवटचं कलम सगळ्यात मोठं. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर लीनाने मराठीतून आपली ओळख करून द्यायची होती. मुख्याध्यापिकाबाईंची तशी अटच होती.

विसूभाऊंनी यादी वाचली. शेवटच्या कलमावर बोट ठेवलं.

"वहिनी, वरचं सगळं तुमचं. हे माझं."

मी चूक केली आणि हो म्हटलं. मला बुटांच्या मागे लागायचं होतं. त्या मुलीच्या मापाचे पांढरे बूट अलिबागपर्यंत मिळत नव्हते.

शिकवणी पडवीत चालायची. लीना खुर्चीवर, तोंड वाडीकडे, जणू समोरच्या सुपाऱ्या म्हणजे प्रेक्षक. विसूभाऊ तिच्या खुर्चीमागे उभे. ते दोन शब्द सांगायचे, ती पुढचं म्हणायची. गडग्यावरून मला हालणारे ओठ दिसायचे. वाटलं, चाललंय बरं.

काय चाललंय ते रेवदंड्याच्या बाजारात कळलं. गणवेशाचं कापड घेऊन आम्ही मासळीकडे वळलो. चंद्राबाय कोळीण आमची नेहमीची. लीना पुढे झाली, तिच्या कानाशी वाकली आणि श्वासात म्हणाली, "मावशी, पापलेट ताजं आहे का?"

मराठी शुद्ध. आवाज अजिबात नाही.

चंद्राबायने आजूबाजूला पाहिलं. "चोरीचा माल हाय काय गो? मोठ्यानं बोल की!"

लीना आणखी जवळ गेली आणि तेच आणखी हळू म्हणाली.

माझ्याशी ती इंग्रजी खणखणीत बोलायची. आईशी फोनवर फ्रेंच तर गडग्यापलीकडे ऐकू यायचं. मराठी मात्र ती शिकली फक्त कानामागून, कुजबुजीत. तिची समजूत झाली, की नवख्याने ही भाषा अशीच बोलायची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भर मासळीबाजारात कपाळाला हात लावला.

गावाचं निदान वेगळं होतं. कंडक्टर म्हणाला, पोरीचा घसा बसलाय. मग घरोघरून हळदीचं दूध यायला लागलं. कोणी ज्येष्ठमध दिलं, कोणी कोमट पाणी. लीना सगळं पिऊन टाकायची आणि कुजबुजत आभार मानायची, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दूध दुप्पट यायचं. कोकणातली माणसं इतकी प्रेमळ असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, असं ती मला इंग्रजीत म्हणाली.

मी विसूभाऊंना फैलावर घेतलं.

"तिला मोठ्याने बोलायला शिकवा!"

"मोठ्याने नटाने बोलायचं असतं, वहिनी. मी तर विंगेत."

"मग ती कोण आहे?"

यावर त्यांनी विचार करून सांगितलं, "चांगली आहे. दोन शब्दांत उचलते. नाटकातल्या शंकर नाईकाला अर्धं पान वाचून दाखवावं लागायचं."

शाळा उघडायच्या आधीच्या शुक्रवारी मी तिला मुख्याध्यापिकाबाईंना भेटवायला नेलं. मी बाहेर फीच्या कागदांवर सह्या करत होते. थोड्या वेळाने बाईंनी मला आत बोलावलं.

"माधुरीताई, मी मुलीला मराठीत नाव विचारलं. उत्तर खिडकीतून आलं."

मी खिडकीतून वाकले. खाली जास्वंदीच्या झुडपात पांढरा शर्ट. मागच्या बसने आला होता.

"अडकली होती," शर्ट म्हणाला.

बाई शांत होत्या, हे जास्त वाईट. त्या म्हणाल्या, "या मुलीचं वर्ष आहे. वर्गात हिचा आवाज कोणालाच ऐकू येणार नसेल, तर घर बदला."

माझंही तेच मत होतं. अलिबागला एक डॉक्टर दांपत्य तयार होतं. स्वतंत्र खोली, समवयस्क मुलगी, घरी सगळे मराठी आणि सगळे मोठ्याने बोलणारे. माझ्या यादीतल्या सगळ्या चौकटी भरत होत्या. रविवारी लीनाला हलवायचं, मी फोनवर ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी चंद्राबाय टोपली घेऊन आमच्या दारात आली. बातमी तिच्याकडे पोचलीच होती.

"पोरीला नेता काय, वयनी? मंग विसूभाऊ परत मुका."

"ते आणि मुके!" मी म्हटलं. "सख्ख्या बायकोला कधी बोलू दिलं नाही त्या माणसाने."

चंद्राबायने कोलंबी मोजायची थांबवली. "तुमाला कोनी सांगितलं? मी रोज जायची मासली घेऊन. सुमन नुस्ती 'पा' करायची. पुढं काय न्हाय. ह्यो खुर्चीच्या पाठी उभा. पानी? पान? पापड? पाऊस? ती मुंडी हलवीपरत सोडायचा न्हाय. एकदा सकालधरनं बसला, दुपार झाली, माजी कोलंबी वास मारायला लागली. सरतेशेवटी काय, तर पायतान. ह्याचं पायतान उन्हात ऱ्हायलेलं, ते आत घे म्हनत व्हती."

मी कोलंबी घेतली. तिला चहा दिला. मग पर्स उचलून गडग्याच्या पलीकडे गेले, कारण ठरलं होतं.

लीनाची बॅग पडवीत तयार होती. विसूभाऊंनीच भरली असावी. पट्ट्यावर नाव चिकटवलेलं होतं, बुटांची पिशवी वेगळी. ते खांबाला टेकून उभे होते. ताराक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. लीना दिसत नव्हती. मी घसा साफ केला.

"विसूभाऊ, मला..."

"वाईट वाटतं," त्यांनी पुढचं सांगितलं.

"वाईट वाटतं. पण मुलीच्या..."

"भल्यासाठी."

"भल्यासाठी मी असं..."

"ठरवलंय. अलिबागचं घर चांगलं आहे," ते म्हणाले आणि थांबले. "बरोबर ना, वहिनी?"

त्यांनी माझं सगळं भाषण मला सांगून टाकलं होतं. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला भयंकर राग आला.

"माझं राहू दे," मी म्हटलं. "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला ही मुलगी इथे का हवी, ते सांगा."

विसूभाऊंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सगळ्या गावाचं पुढचं वाक्य ज्याला ठाऊक, तो माणूस खांबाची साल नखाने काढत उभा राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि सवयीने मागे पाहिलं, जणू तिथे कोणी असायला हवं होतं.

स्वयंपाकघराच्या दारामागून कुजबुज आली. खरखरीत नव्हती, पण पडवीभर पोचली.

"घर फार..."

"घर फार..." विसूभाऊ म्हणाले. "घर फार शांत असतं हो."

पुन्हा थांबले. दार जरासं हललं.

"कोणी चुकत..."

"कोणी चुकतच नाही," विसूभाऊ म्हणाले. "दिवस दिवस कोणी अडखळत नाही."

"काय म्हणतोय विसू?" ताराक्कांनी तांदळातून मान वर करून मोठ्याने विचारलं.

मी चेहरा सरळ ठेवला होता. दाराकडे पाहिलं नव्हतं. या गावात येऊन मला इतकी वर्षं झाली आहेत, विंगेतलं ऐकायचं नसतं हे मला कळतं.

मग मी कामाचं बोलले. शिकवणी पडवीत बंद. लीनाने विहिरीच्या पलीकडे उभं राहायचं, विसूभाऊंनी वाडीच्या या टोकाला. मध्ये पंप चालू. तिने आपली ओळख अशी म्हणायची, की गडग्यापलीकडे माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली पाहिजे. ऐकू आली नाही तर अलिबाग आहेच. आणि शाळेच्या खिडकीत कोणीही उभं राहायचं नाही.

"खिडकीत नाही," विसूभाऊ घाईघाईने म्हणाले. "बसस्टॉपवर चालेल?"

मी पर्स उघडली. फोन काढला, डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. पलीकडून विचारलं, लीना कधी येते आहे?

"हे बघा, लीना उद्यापासून शाळेला..." मी म्हटलं, आणि श्वास घ्यायला थांबले.

माझ्या मानेमागून, अगदी जवळून, खरखर नसलेली कुजबुज आली, "चौलहूनच..."

"चौलहूनच जाईल," मी फोनवर सांगितलं.

मी अडकले नव्हते.