एकशेबारा सह्या

ज्ञानाला स्त्री-पुरुष असा भेद ठाऊक नसतो, असं शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. शाळेच्या कारकुनाला मात्र तो चांगलाच ठाऊक होता. म्हणूनच दहावीच्या एकशेबारा मुलांचे परीक्षेचे अर्ज त्याने सहीसाठी हेडबाईंकडे न नेता चित्रकलेच्या सरांकडे नेले, आणि ते झाडून सगळे 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन बोर्डातून परत आले. मुदत आज पाचपर्यंत.

"अहो, हेडबाई मी आहे ना?" बाईंचा आवाज चढला.

"आहात की. कोण नाही म्हणतंय?" कारकून म्हणाला. "पण बोर्डाचं काम. पुरुषमाणसाची सही जरा वजनदार दिसते, एवढंच."

"मी नको नको म्हणत होतो," सर पुटपुटले. नको नको म्हणत त्यांनी एकशेबारा सह्या केल्या होत्या.

बाईंनी जेवणाचा डबा बाजूला सारला. सरांची प्रत्येक सही खोडून शेजारी स्वतःची ठोकली आणि गठ्ठा सरांच्या डोक्यात न घालता हातात दिला आणि त्यांना सोबत घेऊन साडेचारला बोर्डाची खिडकी गाठली.

"मी मुख्याध्यापिका. अर्ज आणलेत."

"या सर, बसा," खिडकीतला बाबू बाईंच्या खांद्यावरून सरांकडे बघत म्हणाला. "एकदा घोळ झालाय. माझ्यासमोर एक सही करा बरं."

"मी करते."

"बाई, जरा थांबा हो. साहेबांचं काम चाललंय ना?"

गांगरलेल्या सरांनी सवयीने सही केली. बाबूने ती शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहिली.

"जुळत नाही. सगळे अर्ज बाद."

पाचला सात मिनिटं कमी होती. एकशेबारा मुलांचं वर्ष त्या खिडकीच्या फळीवर पडलं होतं. बाईंनी सरांच्या बोटांतलं पेन हिसकावलं आणि कागद फाटेल एवढ्या जोरात खाली सही केली. रेघ न् रेघ जुळली.

बाबूने कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"असं होय! सरांच्या सह्या तुम्ही करता! आधी नाही का सांगायचं?"

"त्या माझ्या सह्या आहेत!" बाई अशा ओरडल्या की शेजारच्या दोन खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"बाई तापट आहेत, सर, पण कामाच्या आहेत हो," असं सरांना म्हणत बाबू धडाधड शिक्के मारत सुटला.

अर्ज वेळेत जमा झाले. पोचपावतीवर नोंद होती : 'मुख्याध्यापक समक्ष हजर. सोबत एक बाई.'