शिरगावात रॉनी

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बाबा आपण होऊन म्हणतील, ‘घे पोरा, गिटार घे!’ सुदाम भोईरने हे भाकीत वहीत लिहून ठेवलं होतं. वेळेसकट! बीएस्सी झालेला माणूस उगाच काही लिहीत नाही.

सुदाम अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंबूतलं पाणी गुलाबी होण्याची वाट बघायची. कितीतरी थेंब पडतात, काहीच होत नाही. मग एकच थेंब, आणि पाण्यात गुलाबी ढग उतरतो! त्या ढगाकडे बघता बघता सुदामला गिटार ऐकू यायची. चिमणीच्या धुरावर बसून ती खिडकीबाहेर डोंगरांकडे तरंगत निघायची. “भोईर, थेंब जास्त झाला!” असं साहेब ओरडले, की धपकन खाली.

खरी गिटार उल्हासनगरला लछमनदासच्या दुकानात टांगलेली होती. मधाच्या रंगाची. “साईं, सोमवार तक रखता हूँ,” तो म्हणाला होता. “फिर जिसका नसीब.”

अडचण एकच, बाबा. धर्मराज भोईर भजनात पखवाज वाजवत. हात लावण्याआधी त्याला नमस्कार करत. पण गिटार म्हटलं की त्यांचं ठरलेलं, “गिटारवाल्याचे केस वाढतात आन् घर मोडतं.” आणि त्यांना विचारल्याशिवाय त्या घरात खिळासुद्धा ठोकला जात नसे.

म्हणून ही योजना. रॉनी ब्लेक या जगप्रसिद्ध रॉक गायकावरच्या माहितीपटाची कॅसेट सुदामने मित्राकडून मिळवली होती. सत्तर मिनिटांची. त्यातली पहिली वीस त्याने पाहिली होती, तेवढ्यात मित्राकडची वीज गेली. पण त्या विसात काय नव्हतं! गरीब घर, कष्ट, आईचा आशीर्वाद. उरलेली पन्नासही तशीच असणार. चमचाभर नमुना तपासून अख्ख्या पिंपाचा निकाल देतात, तसा त्याने दिला.

टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आला. एरवी व्हिडिओ यायचा तो सत्यनारायणाला. पूजेशिवाय आला म्हटल्यावर आळीच्या आळी ओटीवर जमली. आईने टीव्हीला कुंकू लावलं. शेजारच्या बनूआत्याने नारळ फोडला. खिडकीवर गोधडी टांगली, आणि बरोबर तीन वाजता रॉनी शिरगावात आला.

सुदाम सोडला तर इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. म्हणजे अर्थ सुदामच्या हातात!

पहिली वीस मिनिटं सोन्यासारखी गेली. छोटा रॉनी कोळशाच्या गोण्या वाहत होता.

“कष्टाळू दिसतंय पोर,” बाबा म्हणाले. सुदामने घड्याळ पाहिलं. थेंब पडत होते.

मग पडद्यावर रॉनीच्या गळ्यात पडलेली एक सोनेरी केसांची बाई आली.

“ही कोन रं?” बनूआत्याने विचारलं.

“ही... मामाची मुलगी.”

“मग हरकत नाय. मामाच्या पोरीवर हक्कच असतो.”

पाच मिनिटांनी काळ्या केसांची आली. “आन् ही?”

“हीपण मामाचीच!”

तिसरी लाल टोपीवाली होती. तिने तर थेट मुकाच घेतला. बनूआत्याने पदर डोळ्यांवर ओढला आणि त्यातून नीट पाहिलं.

“मामाला पोरी तरी किती?”

“पाच,” सुदाम म्हणाला. पुढचा विचार करून दोन शिल्लक ठेवल्या होत्या.

“पाच पोरी, आन् पोराचं लगीन नाय? झोपलाय का मामा?”

इतक्यात रॉनीने गिटार डोक्यावर उचलली आणि स्टेजवर आपटली! एकदा, दोनदा, नदीवर गोधडी आपटावी तशी! वर लाथ!

बाबा ताडकन उठले. “वाद्याला पाय लावतो?”

“बाबा, ती... मोडकीच होती.”

“मोडकी असली तर बोळवावी पान्यात!”

लछमनदासच्या भिंतीवरची मधाळ गिटार खिळ्यावरून निसटताना त्याला स्पष्ट दिसली.

आणि मग रॉनी एका रिकाम्या खोलीत एकटाच बसला आणि हळू वाजवू लागला. बाबा परत खाली बसले. गोधडीच्या भोकातून उन्हाची काडी आत आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि ते सूर त्या धुळीवर बसल्यासारखे सगळ्यांच्या डोक्यांवरून संथ फिरत होते. बाबांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. सुदाम त्या बोटांकडे बघत राहिला. जणू कुणी पहिल्यांदाच त्याचं ऐकत होतं.

पडद्यावर रॉनीची म्हातारी आई खिडकीशी रडत होती.

“काय बोलते रं ती?” सुदामच्या आईने विचारलं.

तंद्रीत सुदाम खोटं बोलायचं विसरला. “म्हणते, अकरा वर्षांत एकदाच घरी आला. जेवलासुद्धा नाही.”

झालं! आईचा हुंदका फुटला. मागोमाग सगळ्या आळीचा. कॅसेट संपून टीव्हीवर मुंग्या आल्या तरी कुणी हलेना.

बाबांनी डोळे पुसले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“हात लय गोड पोराचा,” ते आपण होऊन म्हणाले. “वेळेत लगीन लावलं असतं, तर वाया गेलं नसतं.”

“आन् त्याला पाच तरी होत्या,” बनूआत्या सुदामकडे बघत म्हणाली. “याला मामाची एकबी पोरगी नाय. याला तर जास्तच धोका!”

“बाबा, पण गिटार...”

“तुझी बायको ठरवंल. सांभाळायचं तिलाच हाय.”

सोमवारी सुदाम धावत उल्हासनगरला गेला. “शादी?” लछमनदास हसला. “अगले सोमवार तक. बस!”

रविवारी सगळे वांगणीला, बनूआत्याच्या नणंदेकडे. तिची मुलगी कुंदा पोहे घेऊन आली. वडीलधारी मंडळी अंगणात गेली. आता सगळं या मुलीच्या एका शब्दावर होतं. सुदामने विषय कसा काढावा याची तीन वाक्यं पाठ केली होती. त्याने तोंड उघडलं.

“घ्या की गिटार,” कुंदाच म्हणाली. “बनूमामींनी सांगितलंय सगळं. फक्त आपटायची नाही.”

सुदामच्या कानांत सूर तरंगू लागले.

“आणि ते मामाच्या पोरींचं,” ती बशी पुढे सरकवत म्हणाली, “इथे नाही चालणार.”

सुदाम कानांच्या पाळ्यांपर्यंत गुलाबी झाला. थेंब जास्त झाला होता.