शिंपल्यांचा खांब

"इमारत आजारी दिसली पाहिजे! नुसती आजारी नाही, शेवटच्या घटका मोजणारी!"

शुभदीप अपार्टमेंटचा सेक्रेटरी परेश तावडे गच्चीवर हात उंचावून गरजला आणि नालासोपाऱ्यातल्या त्या चार मजल्यांनी टाळ्या पिटल्या.

बेत सोपा होता. इमारतीने तिशी गाठली, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस आलेली. सोमवारी इंजिनिअर येणार. त्याने 'धोकादायक' म्हटलं की पुनर्विकास, बिल्डरांची रांग आणि परेशच्या वन रूम किचनच्या जागी दोन बेडरूम! त्याची दहावीतली मुलगी आर्या गॅसशेजारी पाट मांडून अभ्यास करायची. तिच्या भूगोलाच्या पुस्तकाला फोडणीचा वास यायचा. पोरीला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी, एवढ्यासाठी परेश इमारतीचा खूनसुद्धा करायला तयार होता.

"पण आपली इमारत तशी बरी आहे ना हो?" बायकोने, संपदाने विचारलं.

"ठणठणीत आहे! तीच तर पंचाईत आहे!"

शनिवारी सकाळी सगळे भिडले. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाची उलटी तयारी! जिन्यात बादल्या रिकाम्या करून भिंतींना ओल आणली. मनोरमाबाईंनी कुंडीवरचं शेवाळ खरवडून खिडकीखाली थापलं. तिसऱ्या मजल्यावरच्या जितेंद्रने चहाच्या चोथ्याने छतावर असे गंजाचे डाग पाडले की त्याचीच बायको घाबरली!

मग पार्किंगमधला खांब. "थोडं प्लास्टर उडवू," म्हणत परेशने हातोडा उचलला. "बाजूला व्हा! दणकट खांब आहे, हातोडा उलटा येईल!"

हातोडा उलटा आलाच नाही. खारी बिस्किटात बोट जावं तसा आत गेला आणि तिथंच राहिला! दोघांनी ओढून काढला, तर मागोमाग वाळूची धार. भुरभुर भुरभुर! आतली सळई विझल्या अगरबत्तीसारखी. तिच्या मागे कोंबलेलं सिमेंटचं रिकामं पोतं. आणि वाळूत काहीतरी पांढरं चमकत होतं.

पहिल्या मजल्यावरच्या इनेझ आंटी मूळच्या समुद्रकाठच्या भुईगावच्या. त्यांनी वाकून ते उचललं आणि कपाळाला हात लावला.

"जेजू! परेश, हे शिंपले रे! मेल्याने समुद्राची वाळू भरलीय! धुतली पण नाय!"

सगळ्यांनी हळूच वर पाहिलं. वर चार मजले होते.

"आर्या वर आहे!" संपदा किंचाळली.

"किंचाळू नका वहिनी, खांबाला हादरा बसतो!" जितेंद्र कुजबुजला. त्याने स्वतःची शिंक नाकातच दाबून ठेवली होती.

तिला आणायला परेश जिना चढला तो चवड्यांवर, झोपलेल्या वाघाच्या पाठीवरून चालल्यासारखा. तीस वर्षं या घरात त्याने दिवाळ्या केल्या, नाचला, मसाला कुटला! आणि हा खांब बांधणारा आज कुठे आहे? चौकातल्या बॅनरवर आहे, हात जोडून, सणाच्या शुभेच्छा देत! हा खांब पास करून सही ठोकणारा साहेबही कुठेतरी सुखात पेन्शन खात असेल. दोघांना या खांबाखाली संसार मांडायला लावला पाहिजे!

"आता इंजिनिअर खरंच धोकादायक म्हणाला तर?" परेश आर्याला घेऊन खाली येताच मनोरमाबाईंनी विचारलं.

"आता नुसतं धोकादायक नाही, अतिधोकादायक म्हणेल! म्हणजे लगेच घर खाली."

"आणि ती बिल्डरांची रांग?"

"रांग... अजून लागायची आहे."

झालं! रविवारी पुन्हा उलटं चक्र. शेवाळ घासलं, भिंती पुसल्या, खांबात विटांचे तुकडे ठासून वर त्याच सांडलेल्या वाळूचं प्लास्टर मारलं. प्लास्टरवर लगेच गुलाबी रंग. दारात रांगोळी. खांबाला झेंडूचं तोरण.

सोमवारी इंजिनिअर युजीन डिमेलो आला.

"छान ठेवलीय इमारत!"

"तीस वर्षांची वाटत नाही ना साहेब?" परेश फुशारला.

"छे! कालची वाटते."

युजीनने खांबावर तळवा टेकला. पाचही बोटं गुलाबी प्लास्टरमध्ये रुतली. त्याने बोटं बाहेर काढली. एका बोटाला शिंपला चिकटला होता. त्याने बॅग उचलली, फाटक ओलांडलं, गटार ओलांडलं आणि थेट समोरच्या पानटपरीशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, आत या ना! चहा टाकलाय!"

"मी इथंच बरा! तुम्ही बाहेर या! सगळे! आत्ताच्या आत्ता!"

पाच मिनिटांत अख्खी शुभदीप रस्त्यावर. कुणाच्या हातात देव, कुणाच्या हातात मिक्सर. आर्याने दप्तर छातीशी धरलेलं. युजीन टपरीच्या फळीवर कागद ठेवून 'अतिधोकादायक' लिहीत होता.

परेश रस्ता ओलांडून गेला आणि त्याने हात जोडले. "साहेब, लिहा धोकादायक. हवं तर लाल शाईने लिहा! फक्त घर खाली करायची तारीख तेवढी पोरीच्या परीक्षेनंतरची घाला."

युजीनने आर्याकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"मी घालतो हो," तो म्हणाला. "पण खांबाला कळवणार कोण?"